बिस्किटांची भिंत

मिलिंद, तुझ्या फ्रीजला वास येतोय.

स्वयंपाकघरातल्या नाही. मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी तू जो जुना फ्रीज ठेवला होतास, ज्यात मांस टांगायचास, त्याला. तू गेल्यापासून त्याचं दार उघडायला कुणी धजत नव्हतं. अर्चना म्हणाली, "ताई, मला नाही जमणार. त्यात सगळं ह्यांच्या हातचं आहे." मग ते काम कुणाच्या वाट्याला यावं? ज्या बाईला लहानपणापासून त्या वासानं मळमळतं, तिच्या. तुझ्या थट्टेखोरपणाला मरणानंही काही फरक पडलेला नाही, एवढं कबूल करते.

नाकाला पदर लावून दार उघडलं. आत दोन तुकडे, पांढऱ्या सुतळीनं आवळलेले, वरच्या जाळीला टांगलेले. एक लहान, एक मोठा. दोन्हींवर पांढरी बुरशी धरलेली. तुझ्या मते ती 'चांगली बुरशी'. जहाजांवरच्या स्वयंपाकघरांतून जग फिरलास, परत येऊन कॉलेजात पोरांना स्वयंपाक शिकवलास, आणि एवढं सगळं करून कमावलंस काय, तर बुरशीतली चांगली कुठली आणि वाईट कुठली हे ओळखायची नजर. मी दार आपटून बंद केलं आणि बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. रडू येतंय की उलटी, तेच कळेना. दोन्ही एकाच वाटेनं वर येत होतं.

जलदान विधी नीट झाला, काळजी करू नकोस. भन्तेजी आले, वंदना झाली, विश्रांतवाडीची आपली सगळी माणसं आली. मग लोक उठून बोलले. तू मनमिळाऊ होतास, असं समजलं. मितभाषी होतास असंही एकानं सांगितलं. तो बहुधा दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला निघाला होता. मी बोलले नाही. मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि माइकवर भांडता येत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी अर्चनानं विषय काढला. "ते रविवारवाले विचारतायत, एकदा येऊन जाऊ का म्हणून. नेहमीसारखं बसू म्हणतायत. लहान तुकडा तयार आहे, ह्यांनीच सांगितलं होतं या महिन्यात कापायचा म्हणून. तुम्ही मांडाल का, ताई? मला तो पाट हातात धरवत नाही."

मला किळस आली, स्पष्टच सांगते. माणूस जाऊन महिना झाला नाही आणि ह्यांना त्याच्या हातचं शेवटचं खायचंय. तेही बसून, गप्पा मारत, फोटो काढून. पण अर्चनाचा चेहरा बघवेना. मांडते म्हटलं.

पाट म्हणजे तुझा तो आंब्याच्या लाकडाचा लांबलचक बोर्ड. महिन्यातून एका रविवारी दुपारी वाघोलीला तुझ्या फ्लॅटवर पाच-सहा टाळकी जमायची आणि तू ते ध्यान सजवायचास. माझं काम ठरलेलं. मंडईतून अंजिरं आणि द्राक्षं आणायची, कारण मॉलमधली अंजिरं तुला रबरी लागायची. सकाळी मंडई करून, पिशव्या सांभाळत, बसचे धक्के खात मी वाघोली गाठायचे आणि तुझ्या घरात पाऊल टाकलं की पहिला नमस्कार त्या चीजचा. एकाला निळ्या शिरा. आपल्या घरात पावावर तेवढी बुरशी दिसली असती तर आईनं पाव कचऱ्यात टाकून हात साबणानं धुतले असते. तू त्यावर मध सोडून लोकांना भरवायचास. दुसरं पांढऱ्या सालीचं, उन्हाळ्यात बाहेर ठेवलं की मऊ पडून पसरत जायचं, आणि एसटीत बूट काढून बसलेल्या माणसाची आठवण करून द्यायचं. "ताई, जरा तरी चाख," तू म्हणायचास. मी म्हणायचे, "चाखायला कशाला पाहिजे, लिफ्टपासून चाखतेय."

तरी यायचे. दर वेळी यायचे. का, ते आता सांगायला हरकत नाही: रविवारी दुपारी तुझ्या स्वयंपाकघरात तुझ्याशेजारी उभं राहून अंजिरं चिरायला मला फार आवडायचं.

पाटाच्या एका बाजूला माझी फळं, दुसऱ्या बाजूला तुझी मेलेली जनावरं. मधे मी खाऱ्या बिस्किटांची उभी रांग लावायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "आली बघा ताईची भिंत," असं तू सगळ्यांना सांगायचास. कुणी त्यातलं बिस्कीट उचललं की मी लगेच दुसरं लावायचे. तुझ्या त्या सलामी सॉसेजचं तेल माझ्या द्राक्षांना लागता कामा नये. आणि माझ्या बाजूच्या कोपऱ्यात तू न चुकता चांदीच्या कागदातला एक साधा चीज क्यूब ठेवायचास, पोरांना डब्यात देतात तसला. "हा आमच्या चीफ गेस्टचा," म्हणायचास. मी तोंड वाकडं करायचे आणि तो खायचे.

दोरीचं तुला आठवत नसणार, तू तेव्हा जेमतेम चालायला लागला होतास. लोणी काळभोरला आजीच्या घरामागे दोन खांबांना बांधलेली दोरी होती. तिच्यावर मीठ लावलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या वाळत असायच्या. चान्या. टंचाईच्या दिवसांची बेगमी. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आपल्या माणसांचं, आणि त्या कामाचा मोबदला म्हणजे तेच मेलेलं जनावर. दीक्षा घेतली तेव्हा आप्पांनी ते काम सोडलं आणि ते मांसही सोडलं. आजीनं काम सोडलं, पण वाळवणं सोडेना. खाटकाकडून विकत आणायची आणि वाळवायची. मग एका दुपारी आप्पांनी विळा घेतला आणि स्वतःच्या आईची दोरी कापली. पट्ट्या मातीत पडल्या. आजी काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. त्यानंतर आप्पांनी आपल्या घरात कधी दोरी बांधू दिली नाही. आपण पुण्यात क्वार्टरमध्ये आलो तरी कपडे बांबूच्या काठीवर वाळायचे. आजही माझ्या बाल्कनीत स्टँड आहे, दोरी नाही.

शाळेत माझ्या शेजारची मुलगी मी बाकावर येऊन बसले की नाकाला रुमाल लावायची. माझ्या फ्रॉकला रिठ्याचा वास यायचा, दुसरा कसलाही नाही. तरी घरी आले की मी फ्रॉक हुंगून बघायचे. रोज हुंगायचे. हुंगता हुंगता एक दिवस मला तो वास आला, आणि तेव्हापासून येतोच आहे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू विचारायचास, "ताई, तुला नेमकी कशाची किळस येते?" आणि मी म्हणायचे, "तुझ्या प्रश्नांची."

तू मात्र सुट्टी लागली की आजीकडे पळायचास. मी कधीच गेले नाही. तिथे बसून तू तिच्याकडून काय काय काढून घेत होतास, ते फार उशिरा कळलं. वाघोलीला राहायला आल्यावर एकदा तू मला मुद्दाम बोलावून घेतलंस. पाटावर लालसर काळ्या, पातळ चकत्या. म्हशीचं मांस, मीठ लावून वाळवलेलं. "ताई, ओळख काय केलंय!" लहान पोरासारखा नाचत होतास. मी वाकून बघितलं आणि तू म्हणालास, "चान्या!" मी पुढचं काही ऐकलं नाही. बेसिन गाठलं. मग चप्पल घातली आणि निघाले, आणि थेट दिवाळीला तुझ्या घरात पाऊल टाकलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी पाटावर त्याच चकत्या होत्या. नव्यानंच आलेल्या कुणीतरी विचारलं, हे काय. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालास, "ब्रेसाओला. इटलीत डोंगरातल्या गावांत करतात." तुझी ती मंडळी एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसली. तो तन्मय तर, तो बेकरीवाला, डोक्यावर बुचडा बांधणारा, खाली मान घालून खांदे हलवत होता. मला वाटलं मला हसतायत. म्हातारीला कळत नाही, नाकाला पदर लावून बसते, म्हणून. तेव्हापासून ती सगळी माझ्या डोक्यात गेली.

त्या दिवशी सगळे गेल्यावर आपण पाट धूत होतो. मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"काय खोटं? इटलीत करत नाहीत का?"

"आजी इटलीची होती का?"

तू हसलास. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "आप्पांनी सोडलं ते चारचौघांत सोडलं. तू धरलंस ते चोरून. ह्या नाजूक लोकांना खरं नाव सांगायची तुला लाज वाटते. मग आप्पांनी दोरी कापली ती कशासाठी? खायचं तर नाव घेऊन खा मिलिंद, नाहीतर खाऊ नको."

सुरी पुसत राहिलास, ती कोरडी झाल्यावरसुद्धा. मला वाटलं, सापडलास. त्यानंतर दर वेळी तू ब्रेसाओला म्हणायचास आणि मी भिंतीत एक बिस्कीट जास्त लावायचे. मांसापेक्षा मला त्या नावाची किळस यायला लागली. आपलं भांडण तिथेच राहिलं. पुन्हा कधी काढू म्हणून ठेवलं होतं.

तर परवाचा रविवार.

मंडईत गेले. अंजिरं बरी होती. वाघोलीला येऊन पाट काढला, पुसला. निळं चीज मांडलं, श्वास रोखून. पसरणारं मांडलं. लहान तुकडा फ्रीजमधून काढला, त्याची सुतळी कापली, बुरशी पुसली आणि तुझ्या सुरीनं पातळ चकत्या केल्या. तुझ्यासारख्या नाही झाल्या. एकीकडून जाड, एकीकडून फाटलेल्या. पण हात थांबला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. मग द्राक्षं काढायला स्वयंपाकघरातला फ्रीज उघडला, तर दारात चीज क्यूबचा डबा. नवा, फोडलेलासुद्धा नाही.

"जायच्या आदल्याच दिवशी आणला होता ह्यांनी," अर्चना म्हणाली. "आमच्यात कोण खातंय ते? तुमच्यासाठीच."

मी डबा फोडला, एक क्यूब माझ्या कोपऱ्यात ठेवला आणि बिस्किटांची भिंत लावायला घेतली. नीट दिसत नव्हतं, रांग वाकडी झाली.

मंडळी आली. तन्मय, ते आयटीतलं जोडपं, आणखी दोघं. सुरुवातीला सगळे कसनुसे बसले. तुझी खुर्ची कुणी घेतली नाही, तेवढी अक्कल होती. मग एकीनं मोबाइल काढून पाटाचा फोटो घेतला आणि हळूच म्हणाली, "सरांचा लास्ट बोर्ड." आणि हात पुढे झाले. चकत्या जाऊ लागल्या. कुणी डोळे मिटून चावतंय. कुणी म्हणतंय, काय टेक्स्चर आहे. एकाच्या दाढीत बिस्किटाचा चुरा अडकला होता आणि बोटांना तेल लागलं होतं, ते त्यानं चाटलं. हा माझा भाऊ होता, आणि ही माणसं त्याला बिस्किटावर ठेवून खात होती, इटलीचा समजून.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. तू गेलास, आता तुझी लाज सांभाळायची मला काय गरज? मी म्हटलं, "एक मिनिट. तुम्ही खाताय त्याचं नाव ब्रेसाओला नाही. त्याला चान्या म्हणतात. आमची आजी लोणीला घरामागे दोरीवर वाळवायची. आम्ही कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि तेव्हा ह्याच मांसाच्या वासानं गाव नाक दाबायचं. आता खायचं असेल तर खा."

आणि मी बघत बसले. कुणाचा जबडा आधी थांबतो, कुणाचा हात टिश्यूकडे जातो. खरं सांगते, मी वाट बघत होते. कुणीतरी तोंडातला घास काढून ठेवावा, म्हणजे तुला म्हणता येईल, बघ.

कुणीच थांबलं नाही. तन्मयनं घास गिळला, अर्चनाकडे बघितलं आणि म्हणाला, "हो ताई. माहितीये आम्हाला."

"काय माहितीये?"

"चान्या. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आजींचं, दोरीचं, सगळंच."

"मग ते इटली?"

ती फोटो काढणारी मुलगी म्हणाली, "ते तुम्ही असलात की, ताई. सर म्हणायचे, ताईसमोर ते नाव नका काढू, तिला त्रास होतो. तुम्ही किचनमधून बाहेर आलात की आम्ही सगळे इटलीत जायचो. एकदा तन्मय चुकून बोलणार होता तर सरांनी टेबलाखालून लाथ घातली त्याला." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून की काय, तिनं विचारलं, "सोनाई ना, आजींचं नाव?"

सोनाई. माझ्या तोंडून ते नाव निघून किती वर्षं झाली असतील, मिलिंद. आणि ही हिंजवडीत लॅपटॉप बडवणारी मुलगी ते असं घेत होती, जसं काही तिची आजीच.

मी अर्चनाकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. तू कुणासमोर लाजत नव्हतास. लाजवत होते ती मी, आणि तू मला सांभाळत होतास. नाव बदललंस ते एकाच पाहुणीसाठी. आमच्या चीफ गेस्टसाठी.

राग आला. अजून आहे. त्या दिवशी सुरी पुसत गप्प का बसलास? म्हणायचं होतंस ना, ताई, तुझ्यामुळे. मी भांडले असते. चप्पल घालून गेले असते, दिवाळीपर्यंत आले नसते, आणि मग आले असते. मग तू मला आजीबद्दल सांगितलं असतंस, ती मीठ किती लावायची, आप्पांबद्दल काय म्हणायची, दोरी पडली तेव्हा ती गप्प का राहिली. हे सगळं तू बेकरीवाल्याला सांगितलंस आणि मला अंजिरं चिरायला ठेवलंस. मला दुखू नये म्हणून. एवढी माया करायला तुला कुणी सांगितलं होतं?

आणि आप्पाही चुकले नव्हते, हे लक्षात ठेव. ती दोरी कापायलाच हवी होती. त्या दोरीबरोबर त्यांनी काय काय कापून टाकलं, ते त्यांनाच ठाऊक. यावर माझं म्हणणं आजही तेच आहे. तुझं काय होतं ते मला पूर्ण ऐकायचं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी भिंतीतली दोन बिस्किटं बाजूला सारली आणि पलीकडून एक चकती उचलली. तोंडात टाकली. खारट. चिवट. मागून मिरी. आणि मग नाकाच्या आतून तो वास, रुमाल लावणाऱ्या मुलीसकट. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अर्चना पाण्याचा ग्लास घेऊन उठली, तिला हातानंच थांबवलं. चावत राहिले. तोंड भरलेलं असतानाच म्हटलं, "चान्या," आणि गिळली.

अजिबात आवडली नाही, मिलिंद. उगाच खोटं कशाला बोलू? वरून लगेच तो चीज क्यूब खाल्ला तेव्हा कुठे जिवात जीव आला. पण नाव घेऊन खाल्ली.

मंडळी गेल्यावर पाट गरम पाण्यानं दोनदा धुतला. अर्चना मागे बाल्कनीत उभी होती. "ताई, तो मोठा तुकडा काय करायचा? टाकून देऊ?" मी जाऊन बघितलं. तो अजून आतून मऊ होता, तयार व्हायचा होता. सुकून आक्रसल्यामुळे त्याची सुतळी सैल पडली होती, एका बाजूनं घसरत होता. तू असतास तर पुन्हा आवळली असतीस.

तोंड वाकडं केलं, श्वास रोखला, आणि आप्पांच्या मुलीनं दोरी बांधली.